राजीनाम्याआधी लाकूड वाळू द्या: नागपूरच्या हवेत ओंडक्यांचे घर बांधताना

नोकरी सोडून शहराबाहेर ओंडक्यांचे घर बांधावे, हा विचार सहसा मार्चअखेरच्या धामधुमीत किंवा वर्धा रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीत अडकून पडलेले असताना मनात येतो, आणि त्याच आठवड्यात राजीनामा लिहिण्याची घाई होते. मीही ती घाई केली. राजीनामा फेब्रुवारीत दिला, एप्रिलमध्ये ओले सागवान जागेवर आणून टाकले, आणि मिस्त्री पाहायला आले तेव्हा त्यांनी एका ओंडक्याच्या टोकावर नख रुतवून पाहिले व एवढेच विचारले, "भाऊ, हे वाळाले दीड-दोन वर्सं लागतीन. तोवर खासान काय?" ती दीड-दोन वर्षे मी साठवलेल्या पैशावर काढली. घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेली रक्कम किराण्यात आणि मुलांच्या फीमध्ये गेली. म्हणून पुढचे सारे मार्गदर्शन लाकडाच्या वाळण्याच्या वेळापत्रकाभोवती मांडले आहे. ओंडके सावलीत वाळत असताना आपण पगारावर असावे आणि शनिवार-रविवारी जागेवर असावे, एवढी एक गोष्ट जमली तर बाकीच्या चुका निस्तरता येतात.

जमीन आणि तिचे कागद

जमिनीपासून सुरुवात करावी, कारण कागद पक्के होण्यास लागणारा वेळही नोकरीत असतानाच घालवणे परवडते. विदर्भात शेतजमिनीच्या खरेदीला १९५८ चा विदर्भ विभागासाठीचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि त्यानुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आजोबांच्या नावावर गावाकडे शेती असेल तर आधी वारसाची नोंद करून घ्यावी आणि शेतकरी असल्याचा पुरावा हाताशी ठेवावा. तो नसेल तर अकृषक झालेला भूखंड शोधणे अधिक सरळ आहे. शेतात राहते घर बांधायचे असल्यास साधारणपणे ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर, क्षेत्राची अट आडवी येते. त्यामुळे 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांवर घराची स्वप्ने पाहू नयेत.

सातबारा वाचताना तीन नोंदींवर बोट ठेवून थांबावे. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर हस्तांतराला शासनाची परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ व ३६ अ लागू होतात आणि तेथे हात न घालणेच योग्य. तिसरी नोंद खास आपल्याकडची आहे: 'झुडपी जंगल'. पूर्व विदर्भातील या जमिनी वन म्हणूनच धरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या निकालात स्पष्ट केले आहे, तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून अशा जमिनीचा इसार देऊ नये. पेंच किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला या संरक्षित जंगलांच्या परिसरातली जागा पाहत असाल तर ती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते का, हे वनविभागाकडून आणि बांधकामाचे नियम कोणाचे लागू होतात हे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी आश्वासनाला येथे किंमत नाही.

लाकूड किती आणि कोठून

आडव्या ओंडक्यांची भिंत ही मुळात थंड प्रदेशांची पद्धत आहे. रशिया, नॉर्वे, कॅनडा येथे सरळसोट वाढणारे पाइन आणि स्प्रूस मुबलक असल्याने ती तेथे रुजली. आपल्याकडे हिमाचलात देवदार व दगडाचे थर आलटून पालटून रचलेली काठकुणी घरे आहेत. आपल्या भागात त्या तोडीचे लाकूड म्हणजे साग. वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे, बल्लारपूरच्या लाकूड आगारातील साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, आणि आपल्या शहरात लाकडाच्या बाजारावरून नाव पडलेले लकडगंज आहे. लाकूड मिळेल का, हा प्रश्न येथे फारसा पडत नाही. किती लागेल आणि त्याचे कागद कोठे आहेत, हे मात्र विचारावे लागते.

हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. १६ बाय २० फुटांची एक मोठी खोली आणि ९ फूट उंचीची भिंत धरू. १० इंच जाडीचा ओंडका खालच्यावर बसवण्यासाठी पोटाशी कोरला की त्याची उंची सुमारे ९ इंच भरते, म्हणजे १२ थर लागतील. प्रत्येक थरात चार, असे ४८ ओंडके झाले. कोपऱ्यांत दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर सोडावे लागते, ते धरून एकूण लांबी ९६० फूट होते. लाकूड विकताना बहुतेक ठिकाणी मध्यावरच्या गोलाईचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. १० इंच जाडीची गोलाई ३१.४ इंच, तिचा चौथा भाग ७.८५ इंच, आणि त्यावरून आकार निघतो सुमारे ४११ घनफूट. तेच लाकूड खऱ्या गोल आकारमानाने मोजले तर ५२४ घनफूट भरते. दर सांगणारा कोणत्या मापाने बोलतो आहे हे विचारल्याशिवाय दोन ठिकाणच्या दरांची तुलना करू नये, कारण नुसत्या मापातच सुमारे ११३ घनफुटांचा फरक पडतो. दारे-खिडक्यांची जागा यातून वजा करण्याचा मोह होतो, पण तेवढे लाकूड कापाकापीत आणि वाकड्या तुकड्यांत जातेच.

एवढा साग गोल स्वरूपात विकत घेणे हा चैनीचा खर्च आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. तो कमी करण्याचे दोन मार्ग मला उपयोगी पडले. पहिला असा की सलग २२ फूट लांबीचे ओंडके फक्त सर्वांत खालच्या थराला आणि दार-खिडक्यांच्या वरच्या थरांना लागतात. मधल्या थरांत दारे-खिडक्यांमुळे भिंत तशीही तुटते, तेथे आखूड ओंडके चालतात आणि आखूड लाकूड बरेच स्वस्त पडते. दुसरा मार्ग जुन्या लाकडाचा. महाल-इतवारीतले जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब आणि चौकटी विकायला येतात. अनेक दशके छपराखाली वाळलेले असे लाकूड भिंतीच्या गोल थरांना जुळत नाही, पण छपराच्या तुळया, वासे आणि दारांच्या चौकटींसाठी त्याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. आत मोडलेले खिळे असतात, म्हणून आरा मशीनवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवून पाहावा. निलगिरीचे सरळ, स्वस्त ओंडके पाहून मोहात पडू नये. वाळताना ते इतके पिळतात आणि फाटतात की कोपऱ्याचा सांधा टिकत नाही.

कागदांबाबत तडजोड नको. सागवानाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो आणि आगारातून निघालेल्या ओंडक्यावर हातोड्याची निशाणी असते. स्वतःच्या शेतातले सागाचे झाड असले तरी १९६४ च्या वृक्षतोडीसंबंधीच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. जुन्या वाड्याचे लाकूड घेताना विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्यावी आणि हलवण्यापूर्वी वनविभागात विचारणा करावी. सारी कागदपत्रे घर उभे राहिल्यावरही जपून ठेवावीत.

वाळवणे

ओंडका आणल्यावर पहिल्या आठवड्यातच साल काढावी. सालीखाली ओल धरते आणि भुंगेरे तेथेच अंडी घालतात. साल वाकसाने (आडव्या पात्याच्या लहान कुऱ्हाडीने) काढताना हात हलका ठेवावा, नाहीतर पृष्ठभागावर खाचा पडतात आणि त्या पुढे आयुष्यभर दिसतात. सागाच्या टोकाकडे पाहिले की बाहेर फिकट पांढुरके कडे आणि आत सोनेरी-तपकिरी गाभा दिसतो. वाळवीला दाद देत नाही तो गाभा. बाहेरचे पांढरे लाकूड ती आवडीने खाते. ज्या ओंडक्यात पांढरे कडे जाड आहे तो खालच्या थरांना वापरू नये, आणि कोणत्याही ओंडक्याच्या पांढऱ्या भागावर बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाचे दोन हात द्यावेत. पावसाने हे द्रावण धुऊन निघते, म्हणून ओंडके छपराखाली गेल्यानंतरच ते लावावे.

माझी दुसरी मोठी चूक येथे झाली. जागा मोकळी होती म्हणून मी ओंडके थेट काळ्या मातीवर, एकाला एक खेटून रचले आणि वर ताडपत्री घट्ट बांधली. पोळ्याच्या सुमारास ताडपत्री उचलली तेव्हा खालच्या रांगेवर मातीच्या बोटभर रुंद नळ्या चढलेल्या होत्या. एक नळी फोडली तर आत पांढऱ्या उधईची, म्हणजे वाळवीची, रांग तशीच चालू होती. सहा ओंडके जळणात गेले. जमिनीपासून दीड फूट उंच दगडी ठोकळ्यांवर, प्रत्येक थराच्या मध्ये दीड-दोन इंचांच्या आडव्या पट्ट्या टाकून, वर पत्र्याचे छप्पर आणि बाजू मोकळ्या अशी रचना हवी. आपल्याकडे याला एक जोड लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात लाकडाचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा फार वेगाने वाळतो आणि ओंडका टोकापासून चिरत जातो. दोन्ही टोकांना तेलरंगाचे जाड थर द्यावेत आणि पश्चिमेची बाजू तट्ट्यांनी झाकावी.

ओंडक्याला चीर पडणारच. ती कोठे पडावी हे मात्र आपल्याला ठरवता येते. जी बाजू भिंतीत वर येणार आहे तिच्यावर करवतीने लांबभर, जाडीच्या साधारण चौथ्या भागाइतका खोल काप घेतला की ताण तेथे मोकळा होतो आणि मोठी चीर बहुधा त्याच कापातून जाते. पुढे त्यावर वरचा ओंडका बसतो आणि चीर झाकली जाते. बाहेरच्या बाजूला वरच्या अंगाने उघडी राहिलेली चीर पावसाचे पाणी साठवते, आणि कुजणे तेथून सुरू होते.

१० इंचांचा ओंडका पूर्ण वाळायला कितीतरी वर्षे लागतात आणि तेवढे कोणी थांबत नाही. दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा छपराखाली काढल्यावर ओलावा मोजण्याच्या मीटरने इंच-दीड इंच खोलवर पाहावे. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला की काम सुरू करण्यास हरकत नाही. जानेवारीत लाकूड घेतले तर ही वेळ पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला येते.

पाया आणि जोते

लाकूड वाळत असतानाच पाया करावा, म्हणजे त्यावरूनही एक पावसाळा जातो आणि काय खचते, काय तडकते ते भिंत चढवण्याआधी कळते. नागपूरच्या पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे काळ्या कपाशीच्या मातीचे थर जाड असतात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी आकसते की भेगांत हात जातो. तिच्यावर पाया ठेवणे म्हणजे दरवर्षी घर वर-खाली होऊ देणे. चाचणीचा खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहावे. तीन-चार फुटांवर लागला तर तेथवर खणून दगडी पाया घ्यावा. फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब घालावेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी ही पद्धत पुढे आणली, आणि त्यासाठी अभियंत्याची फी देणे वाचवू नये.

जोते जमिनीपासून किमान अडीच फूट उंच असावे. काळ्या दगडाच्या जोत्यावर काँक्रीटचा चार इंचांचा पट्टा, त्यावर जस्ती पत्रा, आणि पत्र्याची कड दोन्ही बाजूंनी दोन इंच बाहेर काढून खाली वाकवलेली, अशी रचना करावी. पत्रा वाळवीला मारत नाही, पण तिला त्या कडेला वळसा घालून उघड्यावरून नळी न्यावी लागते आणि ती नळी आपल्याला दिसते. महिन्यातून एकदा हातात विजेरी घेऊन जोत्याभोवती फेरी मारली की हे काम होते. पायाभोवतीच्या मातीला औषध देताना भारतीय मानक ६३१३ प्रमाणे काम करणारा माणूस निवडावा आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर ते आधी सांगावे.

भिंत

एक नियम पाठ करावा: खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटाला घ्यायची, खालच्याच्या पाठीला कधीही नाही. पाठीला घेतलेली खाच म्हणजे पन्हळ होते आणि तिच्यात पाणी थांबते. पोटाला घेतलेली खाच खालच्या ओंडक्यावर टोपीसारखी बसते आणि पाणी बाहेरच्या बाहेर गळून जाते.

ही खाच आखण्याची रीत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही, तरी सांगतो. वरचा ओंडका आपल्या जागी तात्पुरता ठेवून लोखंडी पकडीने पक्का करायचा. दोन ओंडक्यांमधली सर्वांत मोठी फट शोधायची आणि कंपास तिच्यापेक्षा किंचित जास्त उघडून त्याचा स्क्रू आवळायचा. कंपासाचे एक टोक खालच्या ओंडक्याच्या अंगावरून फिरवत न्यायचे, तेव्हा दुसऱ्या टोकातली पेन्सिल वरच्या ओंडक्यावर खालच्याचे सारे उंचवटे आणि खळगे जसेच्या तसे उतरवते. दोन्ही टोके सतत ओळंब्यात, एकावर एक राहिली पाहिजेत. हात जरा तिरपा झाला की त्या जागी बोट जाईल एवढी फट राहते. दोन्ही बाजूंनी आणि कोपऱ्यांत रेघ पूर्ण झाली की ओंडका उलटवून रेघेच्या आत वाकस आणि पटाशीने कोरायचे. मधला भाग थोडा जास्त खोल घ्यायचा, म्हणजे कडा घट्ट बसतात आणि आत काथ्या भरायला जागा मिळते. मला पहिल्या ओंडक्याला तीन दिवस लागले, विसाव्याला एक दिवस.

वाळलेल्या सागाचा २२ फुटी ओंडका सुमारे सव्वादोनशे किलो भरतो. पाचव्या थरापर्यंत चेन पुली आणि तिपाई पुरते, त्यानंतर आठवड्यातून एक दिवस हायड्रा (फिरती क्रेन) भाड्याने आणून चार-पाच ओंडके एकदम वर ठेवून घेणे स्वस्त आणि सुरक्षित पडते. उत्साहाच्या भरात खांद्यावर ओंडके चढवणाऱ्या मित्रांना जेवायला बोलवावे, कामाला नाही.

विटांच्या घराची सवय असलेल्या मिस्त्रींना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: ही भिंत खाली बसते. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, पण जाडीत आकसते, आणि १२ थरांचे मिळून ते काही इंच होते. पूर्ण ओल्या लाकडाला उंचीच्या सहा टक्क्यांपर्यंत बसण्याची तयारी ठेवतात. दोन पावसाळे वाळलेल्या सागाला त्याहून बरेच कमी पुरते. मी सात फुटी दारावर तीन इंच फट सोडली. दाराची चौकट ओंडक्यांना खिळ्याने ठोकायची नाही. ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खाच घेऊन तीत पट्टी बसवायची आणि चौकट त्या पट्टीला धरायची, म्हणजे भिंत चौकटीच्या बाजूने घसरत खाली येते. वरच्या फटीत काथ्या दाबून भरायचा आणि पुढे लाकडी पट्टी फक्त वरच्या ओंडक्याला ठोकून ती झाकायची.

यातूनच व्हरांड्याच्या खांबांचा प्रश्न निघतो, आणि तो नकाशावर दिसत नाही. खांब उभे असल्याने आखूड होत नाहीत, भिंत मात्र खाली जाते. छप्पर दोघांवर टेकलेले असेल तर ते तिरपे होते. प्रत्येक खांबाखाली आट्यांचा (स्क्रूचा) जॅक बसवून घ्यावा, म्हणजे भिंत जेवढी बसेल तेवढा खांब पान्याने उतरवता येतो.

ऊन, पाऊस आणि कूलर

जाड लाकडाची भिंत मेमध्येही हाताला गार लागते, पण ४५ अंशांच्या दिवशी घर तापते ते छपरातून आणि पश्चिमेकडून. म्हणून भिंतीवरचा थोडा खर्च कमी करून तो छपराला द्यावा: वाश्यांवर फळ्या, त्यावर उष्णतारोधक थर, मग हवा खेळण्यासाठी मोकळी जागा आणि वर कवेलू, म्हणजे कौले. चारही बाजूंनी आठ फुटांचा व्हरांडा घेतला तर ऊन आणि मृगाचा तिरपा पाऊस दोन्ही भिंतीपर्यंत पोचत नाहीत. छप्पर मेअखेरच्या नवतप्याच्या आत पूर्ण व्हायला हवे, कारण त्यानंतर पाऊस आपल्या सोयीने थांबत नाही. उंच जागेवर वीजरोधक बसवावा, विजेच्या तारा धातूच्या नळ्यांतून न्याव्यात, आणि फेब्रुवारीपासून घराभोवतीचे तीस फूट गवत काढत राहावे. शेजारच्या शेतात पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवली की ठिणगी कोठवर जाईल सांगता येत नाही.

कूलरशिवाय नागपूरचा उन्हाळा निघत नाही. पण खिडकीत टेकवलेल्या कूलरची गळती भिंतीवरून महिनोन्महिने झिरपते आणि ऐन उन्हाळ्यात त्या एका जागी लाकूड ओले राहते. कूलर भिंतीपासून फूटभर दूर, स्वतंत्र लोखंडी स्टँडवर ठेवावा, वारा आत नेण्यासाठी कापडी नळा वापरावा आणि खालचे पाणी वाळ्याच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडावे.

राजीनामा केव्हा

भिंतीचा पहिला थर चढवण्याच्या महिन्यात. त्याआधी राजीनामा देण्याचे कामाच्या दृष्टीने काहीच कारण नाही, कारण साल काढणे, रचणे, पाया खणून घेणे ही कामे सुट्ट्यांमध्ये होतात. राजीनाम्यापूर्वी कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा काढावा, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ असतो. सलग पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबावे. त्याआधी काढलेल्या भविष्यनिर्वाह निधीवर कर लागतो आणि ग्रॅच्युइटीही साधारणपणे पाच वर्षांनंतरच मिळते. शेतजमिनीवरच्या लाकडी घराला नेहमीचे गृहकर्ज सहसा मिळत नाही, म्हणून घराचा पैसा रोख असावा आणि दोन वर्षांचा घरखर्च त्यातून पूर्णपणे वेगळा, शक्यतो पत्नीच्या किंवा पतीच्या नावे मुदत ठेवीत असावा. घराचा पैसा संपला तर काम थांबते, पण किराणा चालू राहतो.

घर राहते झाल्यावर पहिली तीन वर्षे त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. आमच्या दाराच्या चौकटीवर मी दर दसऱ्याला पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितो, मग पाना घेऊन व्हरांड्याचे आठही जॅक तेवढेच उतरवतो. पहिल्या वर्षी भिंत पाऊण इंच बसली, दुसऱ्या वर्षी अर्धा इंच, आणि गेल्या दसऱ्याची रेघ तिच्या आधीच्या रेघेला इतकी चिकटून आली आहे की तारीख बाजूला लिहावी लागली.